टाळीला न उडणारा

बेटावरचे पक्षी उंदरांनी खाल्ले म्हणता ना, साहेब? निम्मे खाल्ले असतील. उरलेले तुमच्या खात्यानं कागदावर खाल्ले, आणि वर ढेकरही दिला नाही.

धक्क्यामागच्या झाडीत उंदीरवाली बारा वर्षं पिंजरे लावते आहे. उंदीर जहाजांतून फुकटात येतात आणि जमिनीवरची अंडी फस्त करतात. अंडी कुणाची, तर पायपिट्याची. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, पंख नावापुरते. या बेटावर जमिनीवरून येणारा वैरी कधी नव्हताच, मग उडायचं कशाला? भीती फक्त वरून झेपावणाऱ्या घारीची. म्हणून खुट्ट झालं की पायपिट्या दगड होऊन बसतो. घार फसते. उंदीर वासावर येतो, तो कसला फसतोय!

मोजणीसाहेब आले. जन्मभर तळ्यावरची बदकं मोजलेली. टाळी वाजवायची, उडतील तेवढी लिहायची. इथंही तीन टाळ्या वाजवल्या. पान हललं नाही.

"शून्य," साहेब म्हणाले.

"उजवा पाय जपून, साहेब," उंदीरवाली म्हणाली.

"का? काय आहे?"

"तुमचं शून्य बसलंय."

साहेबांनी वाकून पाहिलं. पायपिट्यानं डोळाही मिटला नाही.

"पण रकाना 'उडालेले पक्षी' असा आहे, बाई," म्हणत साहेब होडीकडे निघाले.

पक्षीच नाहीत, तर पिंजरे कशाला? खात्यानं ठरवलं, झाडीची जागा गोदामाला! आठवड्याभरात उंदीरवालीची नणंद, खात्यातली टायपिस्ट, धापा टाकत आली.

"अगं, सोमवारी तुझे पिंजरे उचलणार. हुकूम मीच टाइप केला."

"वन्सं, हात कसे धजावले तुमचे?"

"म्हणून तर तीन चुका ठेवल्यात. दुरुस्तीत दोन दिवस जातील. तेवढ्यात काय ते कर."

हंगाम अंड्यांचा. पिंजऱ्यांविना पंधरवडा गेला, की पायपिट्या संपला.

उंदीरवाली चिखलाच्या चपलांनिशी थेट खात्याच्या कचेरीत, मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरली आणि टेबलासमोर तीन सणसणीत टाळ्या वाजवल्या. साहेब हातातल्या पेनासकट जागच्या जागी थिजले.

"लिहा, वन्सं," ती दारात येऊन उभ्या राहिलेल्या नणंदेकडे वळून म्हणाली. "मोठे साहेब, शून्य."

दारातला शिपाई फिस्सकन हसला. साहेब लालबुंद. "हा काय चावटपणा?"

"तुमचीच पद्धत, साहेब. उडाला नाहीत, म्हणजे नाहीत. आणि तुम्ही आहात, तर झाडीत बसलेला तो का नाही? मी इथंच बसतेय, टाळ्या वाजवल्यात तरी हलणार नाही. पिंजरे राहणार की नाही, लेखी उत्तर द्या."