गाळकऱ्यांचा कॅट

“साठ पत्त्यांत एकही शोधपत्ता नाही?” वन्संनी कॅट उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. “अगं, कॅट बांधलायस की संन्यास घेतलायस?”

“तुम्हाला काय करायचंय? हरले तर मी हरेन.”

“हरशीलच! पण माझ्या भावजयीला स्पर्धेत कॉलेजातल्या पोरींनी धुतलं, हे मी टपाल कचेरीत कुठल्या तोंडानं सांगू?”

सुईताईनं कॅट परत घेऊन पत्ते पुन्हा मांडले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुपारचं ऊन आलं होतं. त्या उन्हात बेडकं, खेकडे, शिंपले आणि गोगलगायी ओळीनं मांडून ठेवलेल्या. समोर वन्संचे गरुड होते, चोच उघडून बसलेले.

ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त काढायची, म्हणून सुईताई. बावीस वर्षं काढलं. रडणारी मुलं तिच्यासमोर हात पुढे करायची आणि म्हातारे विचारायचे, “झालं पण?” मागच्या वर्षी एका सकाळी दात घासताना उजव्या हातातून ब्रश गळून पडला आणि त्याच्यामागोमाग तीही. जीव वाचला, चालणं आलं, बोलणंही आलं. हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. आता ती प्रयोगशाळेच्या खिडकीत बसून नंबर पुकारते.

व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली होती, “पत्ते पिसा. बोटांना त्याच्यासारखं औषध नाही.” वन्सं त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. साधे पत्ते संपले होते. दुकानदारानं हे भलतेच गळ्यात मारले: पाच कुळं, शेकडो प्राणी, नियमांची बारीक अक्षरातली चोपडी. “पिसायचेच तर आहेत,” म्हणत वन्संनी आणले. आठवड्याभरात नणंद-भावजय दोघी भिंग लावून नियमांवर भांडत होत्या. दुसऱ्या महिन्यात सुईताईचा नवरा, दिवसभर बस चालवून आलेला माणूस, दारात उभा राहून विचारायला लागला, “मी माझं वाढून घेऊ, की कुठलं कुळ आडवं येतंय?”

खेळ आला. पिसणं काही आलं नाही. पत्ते अंगठ्याशी अडायचे, तिरके व्हायचे, भस्सकन सांडायचे. मग वन्सं हात पुढे करायच्या. “आण इकडे.” टपालात पत्रं निवडून निवडून त्यांची बोटं अशी झाली होती की फर्रकन आवाज यायचा आणि कॅट पिसून परत.

सगळेच असे हात पुढे करत. कामावर खिडकीत शेजारी बसणारी तिच्या हातातलं पेन काढून घेई. नवरा पूर्वी पंख्याच्या वेगावरून तासभर हुज्जत घालायचा. आता “तू म्हणशील तसं” म्हणून बटण फिरवायचा. तिला कधीकधी वाटे, ओरडून सांगावं, अरे, भांडा ना माझ्याशी!

म्हणून जेव्हा दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा भरणार असं कळलं, तेव्हा सुईताईनं मनाशी एकच ठरवलं. दिवसभर खेळायचं आणि आपले पत्ते दुसऱ्या कुणाला पिसू द्यायचे नाहीत. वन्संनाही नाही. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही.

आणि इथंच बेडूक-खेकड्यांचं कुळ, गाळकरी, तिच्या कामाला आलं. बाकीची चारही कुळं शोधपत्त्यांवर जगतात: कॅटमधून हवा तो पत्ता शोधून काढा आणि मग कॅट पुन्हा पिसा. एका डावात सहा-सहा वेळा. गाळकऱ्यांना कुणी विचारत नसे. सगळे त्यांना चिखल्या म्हणत. पण त्यांची एक खोड होती. मेलेला, टाकलेला प्रत्येक पत्ता टेबलावर उघड्या ढिगात पडायचा आणि त्यांचं सगळं येणं-जाणं त्या ढिगातून. ‘ओहोटी’ टाकली की वरचे चार पत्ते ढिगात जायचे आणि ढिगातला हवा तो एक हातात यायचा. नुसतं बोट ठेवून उचलायचा. पिसणं नाही.

तरी साठ पत्त्यांचं जमवता जमवता तिच्या नाकी नऊ आले. पाणीपत्ते चोवीस ठेवले तर बेडकांना जागा उरायची नाही, वीस ठेवले तर खेकडे बसल्या जागी वाळायचे. एकवीसवर गाडी रुळावर आली. ‘थोरली गोगलगाय’ तीनच घेता येत होत्या, तिन्ही घेतल्या. सगळ्यात जिवावर आलं ते छत्रीवाल्या बेडकाला काढणं. काडीच्या कामाचा नव्हता, पण असा ऐटीत उभा असायचा! तीनदा काढला, तीनदा परत घातला. शेवटी नवराच म्हणाला, “हा जाऊ दे. मला दे, मी बसमध्ये लावतो.”

रविवारी दुकानाच्या माडीवर सोळा जण जमले. त्यात पन्नाशीच्या आसपासच्या दोघीच, सुईताई आणि वन्सं. सुईताई प्रत्येक फेरीला सगळ्यांच्या आधी टेबलावर जाऊन बसायची. समोरचा येईपर्यंत पत्ते पालथे पसरायची, कालवायची, गोळा करायची, पुन्हा पसरायची. तो आला की नुसतं म्हणायची, “काटा.”

पहिली आली ती निळ्या नखांची मुलगी. “अय्या, मावशी, चिखल्या? किती गोड!” तिच्या वाघांनी चौथ्या खेपेपर्यंत सुईताईचं अंगण साफ केलं. मग ढिगातून गोगलगायी निघायला लागल्या. एक मारली की दोन. मुलीनं कपाळावर हात मारला. “मावशी, तुमचं कुणी मरतच नाही का हो?”

“मरतात गं. पण चिवट आहेत.”

दुसऱ्या फेरीतला चष्मेवाला एक शब्द न बोलता हरला आणि तिसरीतल्या वकिलानं प्रत्येक पत्त्यावर हरकत घेतली. सुईताईला त्याच्याशी हुज्जत घालताना इतका आनंद झाला की तिनं जिंकायला मुद्दाम थोडा उशीरच लावला असावा. हरणाऱ्यानं निकालाच्या चिठ्ठीवर सही करायची असा रिवाज होता. वकिलानं सही केली आणि उभं राहून हात जोडले.

चौथ्या फेरीची यादी लागली. न हरलेल्या दोघीच उरल्या होत्या. माडीवर हशा पिकला.

“या,” वन्सं खुर्चीत बसत म्हणाल्या. “घरी भांडी कोण घासणार, हाही निकाल आजच लागू दे.”

डाव रंगला. पोरं खुर्च्या सोडून भोवती जमली. गरुड झेपावत होते, गाळकरी बुडत होते आणि पुन्हा वर येत होते. सुईताईचा ढीग छान फुगला होता, त्यात तिन्ही थोरल्या गोगलगायी. दोन खेपांत डाव तिचा होता. तेवढ्यात वन्संनी नवा पत्ता उचलला आणि ओठ आत घेतले.

नावाचं पत्र सापडलं पण पत्ता पुसलेला असला की टपालात त्या अशाच ओठ आत घेत असणार. सुईताई पंचवीस वर्षं तो चेहरा वाचत आली होती. तिला कळलं, वन्संच्या हातात ‘वावटळ’ आहे. दोघांनी हातातले आणि ढिगातले सगळे पत्ते कॅटमध्ये घालायचे आणि पिसायचे. गाळकऱ्यांवर याच्याएवढा जालीम उपाय दुसरा नाही.

वन्संनी दुसराच, एक पिटुकला गरुड उचलून टेबलावर ठेवायला घेतला.

सुईताईनं डाव्या हाताचा पंजा त्यावर ठेवला. “वन्सं, हा नाही.”

“माझा पत्ता, मी ठरवीन.”

“हातात काय धरून बसलायत ते टाका.”

“वहिनीबाई, गप खेळा.”

“वर्षभर सगळे माझ्याशी हरतायत,” सुईताई हळू म्हणाली. “तुम्ही तरी नका.”

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या साठ पत्त्यांकडे, ज्यांत एकही शोधपत्ता नव्हता. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लखकन उजळलं. त्यांनी वावटळ अशी आपटली की टेबलावरचा चहा हिंदकळला.

“घे मग. पिस.”

आणि सवयीनं त्यांचा हात पुढे आला. “आण इ—” तो त्यांनी मध्येच मागे घेतला. क्षणभर त्याचं काय करावं त्यांना कळेना. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्या त्यांच्यावर बसल्या.

सुईताईनं पत्ते पालथे केले. पसरून कालवायला आता टेबलावर जागा नव्हती. तिनं रक्ताच्या नळ्या खाचांत लावायच्या तसे सात ढीग लावायला घेतले. एक पत्ता इथे, एक तिथे, दोन सोडून तिसरीकडे. अंगठा अडला. तिनं डाव्या बोटानं त्याला ढकललं. आठ-नऊ पत्ते घसरून जमिनीवर गेले. दुकानदार वाकला.

“हात लावू नका हो,” वन्सं जागच्या जागी गरजल्या. “तिच्या मुदतीतला वेळ आहे, तिचा तिला खर्चू दे.”

सुईताई खाली वाकली, एकेक पत्ता नखानं सुटा करून उचलला. सात ढिगांचा एक झाला, एकाचे पुन्हा सात. सहा मिनिटं गेली. निळ्या नखांच्या मुलीनं स्वतःचे हात ओढणीत गुंडाळले होते. शेवटी कॅट चौकोनी झाला, अगदी सारखा नव्हे, पण झाला. सुईताईनं तो पुढे सरकवला. तिच्या ओठावर घाम आला होता.

“काटा.”

वन्संनी काटला. आणि मग जराही दया न दाखवता तीन खेपांत तिला सपाट केलं. शेवटचा गरुड पडला तेव्हा सुईताई इतक्या मोठ्यानं हसली की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला आलं.

“दुष्ट बाई!” ती डोळे पुसत म्हणाली. “माझ्या गोगलगायी!”

“भांडी तुझी,” वन्सं म्हणाल्या. “आणि कढईसुद्धा.”

“कढई घासते की नाही बघाच!”

दुकानदारानं निकालाची चिठ्ठी पुढे केली. आज पहिल्यांदाच ती तिच्या वाट्याला आली होती. सुईताईनं पेन उजव्या हातात घेतलं. कुणी ते काढून घेतलं नाही. अक्षरं रकान्यातून निघाली, उतारावरून जावं तशी रेघ ओलांडून गेली, पुन्हा वर चढली आणि वन्संच्या नावावर जाऊन थांबली.

“बघा,” वन्सं भोवतालच्या पोरांना म्हणाल्या, “हरली तरी नणंदेच्या डोक्यावरच बसली.”

दुकानदारानं चिठ्ठीसाठी हात पुढे केला. “थांबा,” सुईताई म्हणाली. शाई अजून ओली होती. तिनं खाली वाकून सहीवर सावकाश फुंकर घातली, नीट वाळल्याची खात्री केली आणि मग चिठ्ठी त्याच्या हातात दिली.