तटावरून सुटलेला गोळा

मित्रांनो, मी एक जुना गोळा आहे. भाजलेल्या मातीचा, लिंबाएवढा. गोफणीतून भिरकावण्यासाठी मला केलं, त्याला तीन हजार वर्षं होऊन गेली.

मला वळणारी कुंभारीण होती. तिची मडकी नदीच्या दोन्ही काठांवर जात. त्या वर्षी पाऊस पडला नाही. आमच्या नायकाने गावचं सगळं धान्य उंच तटाआड कोंडलं आणि कुंभारणीला बोलावलं.

"मडकी पुरे झाली. आता गोफणीचे गोळे कर."

"मालक, पलीकडच्या काठाला माझी थोरली बहीण दिली आहे."

"मग तिने इकडे फिरकू नये."

तिने गोळे वळले. नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्या मुलांचं धान्यही तटाआडच होतं.

पलीकडचे लोक आले ते रिकाम्या टोपल्या घेऊन. पुढे बायका होत्या. बायकांवर कोणी हात उचलणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. नायकाने खूण केली. मी सुटलो, आणि एका बाईच्या कपाळात रुतून बसलो.

धुरळा बसल्यावर कुंभारीण खाली आली. एकेक प्रेत उताणं करत आमच्यापाशी पोचली.

"ताई," एवढंच म्हणाली. मग तिने मलाही ओळखलं. मला काढायला बोटं पुढे केली आणि तशीच मागे घेतली.

नायकाच्या माणसांनी एकवीस प्रेतं एका खड्ड्यात लोटली. कुंभारीण आत उतरली. तिने बहिणीला कुशीवर निजवलं, तिचे गुडघे पोटाशी दुमडले, उशाशी एक वाडगा ठेवला.

"वर ये, नाहीतर तुझ्यावरही माती पडेल!" कोणी खेकसलं. ती वर आली. मग माती पडली.

आम्हाला बाहेर काढलं ते उत्खनन करणाऱ्या एका बाईंनी. वीस जण कसेही फेकलेले, एकच नीट निजलेली. त्यांनी कुंचल्याने उशाच्या वाडग्यावरची माती झाडली. "हिचं कोणीतरी पुरणाऱ्यांत होतं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, राजाची कबर लागली! सोन्याचे मणी आहेत!" सहकारी पलीकडून ओरडले. सगळे तिकडे धावले. राजा म्हणजे आमचा नायक.

काही वर्षं कुंभारणीची बहीण आणि मी संग्रहालयाच्या तळघरात एकाच खोक्यात होतो. मग मला वर आणून काचेत ठेवलं. पाटीवर लिहिलं आहे, 'प्राचीन शस्त्र'. नायक शेजारच्या दालनात दिव्यांच्या झोतात आहे. मुलं मला बघून विचारतात, याने किती जण मारले असतील?

एकच, मित्रांनो.

ती अजून खालीच आहे. तिथल्या भिंतीला ओल आली आहे, पुठ्ठ्याचा तळ भिजला आहे, वरचा नंबर पुसत चालला आहे. मला पाहून झालं की जाता जाता तिथल्या कोणाला तरी एवढं सांगा, ते खोकं उचलून कोरड्या जागी ठेवा.