थीसेनांकडून आलेलं पत्र

व्हर्ना ह्रिचॅकला आमच्या इस्पितळात चोवीस वर्षं झाली होती आणि तिच्या ओळखपत्राच्या पट्टीवर तीन बिल्ले होते. जनेल देझार्लेला दोनच वर्षं झाली होती, आणि तिच्याकडे आठ.

हे बिल्ले इस्पितळाचं फाउंडेशन देतं. बरा झालेला पेशंट, नाहीतर वारलेल्याच्या घरचं कुणी, एखाद्या नर्सच्या नावाने फाउंडेशनला देणगी आणि पत्र पाठवतं. पत्र त्या नर्सला मिळतं, सोबत गव्हाच्या लोंबीच्या आकाराचा छोटा बिल्ला. अशा देणग्यांतूनच आमच्या स्टाफरूममध्ये आरामखुर्च्या आल्या, गुरुवारचं गरम सूप सुरू झालं, आणि कर्मचाऱ्यांना मन मोकळं करता यावं म्हणून ब्रँडन शहरातून एक समुपदेशक बाई यायला लागल्या. पण फाउंडेशनच्या कॉरिन म्हणायच्या, खुर्च्या राहू द्या, माणसं टिकतात ती पत्रांवर.

व्हर्नाला ते पटायचं नाही. हात धरून बसणाऱ्यांना बिल्ले मिळतात आणि औषधाचा डोस दोनदा तपासून बघणाऱ्यांना काहीच नाही, असं ती म्हणायची. चुकीचा डोस टळला तर त्याचं पत्र कोण लिहिणार? जनेलला शिरेत सुई घालायला तिनेच शिकवलं होतं. आता ती पोरगी समोरून आली की व्हर्नाची नजर आधी तिच्या पट्टीवर जायची. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजलं जायचं.

ऑक्टोबरात अ‍ॅल्विन थीसेन नावाचे म्हातारे शेतकरी न्यूमोनियाने दाखल झाले. एका दुपारी अचानक त्यांचा श्वास अडकला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. जनेलने त्यांच्या उशाशी उभं राहूनच तीनदा फोन केला, पण डॉक्टर येईपर्यंत थीसेन वारले होते. चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही. तरी आपण पहिल्या फोनलाच आरडाओरडा करायला हवा होता, हे जनेलच्या डोक्यातून जाईना.

आठवड्याने कॉरिन वॉर्डात आल्या. जनेल रजेवर होती. सोमवारी तिला दे, असं सांगून त्यांनी एक पाकीट व्हर्नाच्या हातात ठेवलं. पाकीट उघडंच होतं. व्हर्नाने ते स्टाफरूममध्ये वाचलं. थीसेनांच्या मुलीने लिहिलं होतं की, बाबांचा हात तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत, फोनवर तुम्ही कशा भांडलात ते मी दारातून ऐकलं, तुमच्यापेक्षा जास्त कुणी केलं नसतं. पत्रासोबत नववा बिल्ला होता.

पेशंट गेला तरी हिला बिल्ला. व्हर्नाने पाकीट आपल्या लॉकरमध्ये बर्फात घालायच्या बुटांखाली सरकवलं. सोमवारी देऊ, म्हणाली. मग मंगळवारी. मग द्यायला उशीर झाला म्हणूनच देता येईना.

जनेल गप्प गप्प राहायला लागली. जेवायला गाडीत जाऊन बसायची. बाकीच्या नर्सेसना काळजी वाटू लागली. व्हर्नाला मात्र आत कुठेतरी बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं तिला ठाऊक होतं. आली एकदाची जमिनीवर, असं तिच्या मनात यायचं.

एका गुरुवारी सूपच्या रांगेत जनेलने सहज सांगावं तसं सांगितलं, की तिने राजीनामा लिहिलाय. मामाच्या धान्याच्या कोठारावर हिशेबनीस हवाय, तिथे जाणार.

"का गं?" व्हर्नाने विचारलं.

"थीसेनांकडून एक ओळसुद्धा आली नाही. बाकी सगळे लिहितात. म्हणजे त्यांनाही कळलंय."

"काय कळलंय?"

"तुम्हाला माहितीये काय ते. मी उशीर केला."

व्हर्नाने वाटी तशीच ठेवली. लॉकरकडे गेली, पाकीट आणलं आणि जनेलला कोपऱ्यात नेऊन दिलं. जनेलने उभ्याउभ्या वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग वरची तारीख बघितली.

"हे तुमच्याकडे होतं?"

"तीन आठवडे. विसरले नव्हते, जाणूनबुजून ठेवलं. तुला अजून एक मिळालेला मला बघवेना."

जनेलने पत्राची घडी पुन्हा घातली. "तीन आठवडे मी झोपले नाहीये, व्हर्ना," एवढंच बोलली आणि पाकीट घेऊन निघून गेली.

त्याच दुपारी व्हर्नाने कॉरिनना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ते वर कळवलं. व्हर्नाला लेखी ताकीद मिळाली, आणि तेव्हापासून कॉरिन प्रत्येक पत्र स्वतः नेऊन देतात.

जनेलने राजीनामा फाडला, पण वॉर्ड बदलून मागितला. ती वरच्या मजल्यावर डायलिसिसला गेली. लिफ्टमध्ये गाठ पडली तर नावाने हाक मारते, त्यापुढे बोलत नाही. व्हर्नाने माफी दोनदा मागितली. दोन्ही वेळा जनेल म्हणाली, ऐकलं मी.

ब्रँडनच्या बाईंकडे जाणं म्हणजे कमकुवतांचं काम, असं व्हर्ना सगळ्यांना सांगत आली होती. नोव्हेंबरात तिने तिथे आपलं नाव लिहिलं. बाईंनी विचारलं, काय होतंय? व्हर्नाने आधी हातमोजे काढले. मग म्हणाली, "मला हेवा वाटतो. अजूनही वाटतो. कालच तिला लिफ्टमध्ये बघितलं आणि वाटला."

बाई म्हणाल्या, बसा, आपल्याकडे तासभर आहे.