दारातला बांध

"नुसतं मुठीत धर," वेस पेल्टो म्हणाला. "अगं, गळा नको आवळूस त्याचा."

मी डाव्या हाताने दांडा धरला. उजव्या खांद्याचं सप्टेंबरात ऑपरेशन झालं होतं आणि तो हात छातीच्या वर जायचं नाव घेत नव्हता. समोर बर्फ उडवायचं लाल यंत्र उभं होतं, माझ्या कमरेएवढं. त्याच्या तोंडात डोकं घालून माझा नवरा आर्लेन काहीतरी शोधत होता. काय ते त्यालाच ठाऊक. वेसच्या दुकानात नोव्हेंबरातली ही आमची चौथी फेरी.

"पुढचं पातं बर्फ आत ओढतं," वेस सांगत होता, "आणि मागचा पंखा तो या नळीतून चाळीस फूट लांब फेकतो."

"चाळीस फूट कशाला? शेजारच्या युनिसच्या बेडरूममध्ये टाकायचाय?"

"नळी फिरवता येते, आर्लेन."

"ते दिसतंय मला. पात्याला धरणाऱ्या त्या पिना किती तुटतात ते सांग."

"रस्त्याकडेचा टणक बांध खायला घातलास तर तुटणारच. आता त्या बांधात काय काय असतं ते मी तुला सांगायचं का?"

दुकानातले दोघेतिघे फिसकन हसले. आर्लेन उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "विचार करतो."

ते का हसले ते सांगते. आर्लेनने सत्तावीस हिवाळे काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. ट्रकच्या पुढे तिरकं लोखंडी पातं असतं. ते रस्त्यावरचा बर्फ उजवीकडे लोटत जातं आणि प्रत्येक घराची वाट जिथे रस्त्याला मिळते तिथे बर्फाचा बांध घालून ठेवतं. गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा, त्यात वाळू, मीठ आणि दगडासारखी ढेकळं. तो फोडल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. आमच्या रस्त्यावर आर्लेन सकाळी पावणेसातला यायचा, दोनदा भोंगा वाजवायचा, सगळ्यांसारखा आमच्याही दारात बांध घालायचा आणि पुढे जायचा. मला शाळेच्या स्वयंपाकघरात साडेसातला हजर व्हावं लागे. म्हणजे नवऱ्याने घालायचा आणि बायकोने फोडायचा. गावाला ही गंमत इतकी वर्षं पुरली. चर्चमध्ये, पोस्टात, कुठेही कोणीतरी विचारायचंच, "काय लोर्ना, आज नवऱ्याने काय पाठवलं?" मी म्हणायचे, "फुलं."

पहिल्याच हिवाळ्यात मी त्याला विचारलं होतं, आपल्या दारापुढे ते पातं जरा उचलता येत नाही का. "नाही येत," तो म्हणाला होता. "ते तसं चालत नाही." मला ट्रकातलं काय कळतं? मी पुन्हा विचारलं नाही.

मे महिन्यात तो निवृत्त झाला आणि घरात माझ्या पायापायात येऊ लागला. माझ्या खांद्याच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, की आता फावड्याला हात लावायचा नाही, या वर्षी नाही आणि पुढेही नाही. म्हणजे एकतर यंत्र, नाहीतर आर्लेन. "मी आहे ना," तो म्हणायचा, आणि म्हटल्यावर उठून खिडकीशी जायचा. मग यंत्र घ्यावं की नाही हा प्रश्न त्याने नोकरीसारखा धरला. वाट मोजली, माहितीपत्रकं आणली, यंत्र असलेल्या सगळ्यांना गाठून त्यांचे अनुभव विचारले. न्याहारीला घ्यायचं ठरायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत रद्द व्हायचं. मध्येच गॅरेजात जाऊन माझं बर्फ ढकलायचं पत्र्याचं सुपडं हातात घ्यायचा, त्याच्याकडे बघायचा, परत टेकवून ठेवायचा. मला त्याच्याकडे बघूनच दमायला व्हायचं.

वेसच्या दुकानातून परत येताना मी गाडीत म्हटलं, "घ्यायचं की नाही ते एकदाचं बोल. हिवाळा काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

"एवढं धूड एका बांधासाठी? बाकीची वाट तर सुपड्याने होते."

"तो एक बांध फोडून बघ, मग बोल."

"सत्तावीस वर्षं झालंच ना हाताने?"

"कोणाच्या?" मी विचारलं.

त्याने रेडिओ लावला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खरा बर्फ आला. आर्लेन पहाटेपासून या खिडकीतून त्या खिडकीत. कॉफी ओतून घ्यायचा आणि ठेवून विसरायचा. त्याचा रस्ता आता ब्रेना निएमीकडे होता. सव्वीस वर्षांची मुलगी, मागच्या हिवाळ्यात त्यानेच तिला शेजारी बसवून शिकवलं होतं.

"पावणेसात होऊन गेले. कुठे राहिली ही?"

"येईल. रस्ता तिचा आहे आता."

"वळणावर वेग कमी करत नाही ती. ऐक, ऐक, पातं कसं घासतंय!"

बाहेर नुकतं उजाडलं होतं. मी वेलचीचा पाव कापत होते. ट्रकचा आवाज युनिसच्या घरापर्यंत नेहमीसारखा खडखडत आला. मग इंजिन जरा मंदावलं, लोखंडाची घरघर क्षणभर थांबली, आणि आमच्या घराच्या पलीकडे पुन्हा सुरू झाली. भोंगा दोनदा वाजला.

आर्लेन पडदा धरून तसाच उभा राहिला. मी सुरी ठेवली आणि त्याच्या शेजारी गेले. युनिसच्या दारात गुडघ्याएवढा बांध होता. आमचं दार झाडून काढल्यासारखं स्वच्छ. आमच्या वाट्याचा सगळा बर्फ पलीकडच्या मोकळ्या जागेत ढीग होऊन पडला होता.

"उचललं तिने," मी म्हणाले.

"मी काउंटीच्या गॅरेजात फोन करतो. असं करायचं नसतं. लोक खिडकीतून बघतात. एका दारापुढे केलं की..."

"आर्लेन. म्हणजे येतं उचलता?"

तो खुर्चीत बसला. टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिला.

"येतं," तो म्हणाला. "सावकाश जायचं, पातं सरळ करायचं आणि ढीग पुढे नेऊन सोडायचा. मीच शिकवलं तिला."

"कुठे?"

"म्हाताऱ्या रुओनाच्या दारापुढे. तो ऑक्सिजनवर होता ना. ॲम्ब्युलन्स आली तर अडकायला नको."

रुओनाच्या घरी मी दर आठवड्याला सूप घेऊन जायचे. त्यांचं दार कायम मोकळं बघून मी त्यांच्या मुलाचं तोंडावर कौतुक केलं होतं, बापासाठी किती लवकर उठतोस म्हणून. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला होता. तो असा का बघत होता ते मला आता कळलं.

"तू मला सांगितलंस, ते तसं चालत नाही."

"पहिल्या वर्षी सांगितलं. मी नवा होतो, लोर्ना. गॅरेजातले सगळे टपून होते, हा बायकोसाठी उचलतो की काय. खरं सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. आणि एकदा सांगून बसल्यावर माघार कशी घेणार?"

"पुढच्या वर्षी घ्यायचीस. त्याच्या पुढच्या वर्षी घ्यायचीस."

 मला भयंकर राग आला होता. खांद्याचं मला काही नव्हतं. खांदे कोणाचेही जातात. तो मला खरं सांगण्याजोगी समजलाच नाही, हे मला लागलं.

"खरं सांगितलं असतंस तरी मी फोडलाच असता रे," मी म्हणाले. "ताठ मानेने फोडला असता. गावाला सांगितलं असतं, माझा नवरा घरच्यांसाठीसुद्धा पातं उचलत नाही. तेवढंही तू मला मिळू दिलं नाहीस."

तो उठला. बूट चढवले, सुपडं घेतलं आणि बाहेर पडला. आमच्याकडे करण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून युनिसच्या दारात गेला. दोन-चार सुपडी झाली की कंबर धरून उभा राहायचा. मी कॉफी घेऊन गेले नाही. युनिस मात्र घरातल्या झग्यावर कोट चढवून बाहेर आली आणि तिचा खणखणीत आवाज मला खिडकीतूनही ऐकू आला. "आर्लेन हौताला! तब्येत बरी आहे ना तुझी?"

तिचा बांध फुटायला त्याला दोन तास लागले. मग अंगावरचा बर्फही न झटकता तो गाडीत बसून गेला. परत आला तो दुपारी, मागे ते लाल यंत्र दोरीने बांधून.

"गॅरेजात जाऊन आलो," तो म्हणाला. "ब्रेनाला सांगितलं, आमच्याकडे सगळ्यांसारखंच."

"आणि हे?"

"वेस म्हणतो, आता कशाला घेतोस, ब्रेना उचलते म्हणे तुमच्याकडे. अकराच्या आत गावभर झालं होतं. मी म्हटलं, यापुढे नाही उचलणार ती. दे."

 एक यंत्र आणलं म्हणून सत्तावीस वर्षांचा राग जात नसतो. पुढचे चार दिवस मी त्याच्याशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलत होते. तोही घरभर फिरत होता, पण माझ्यापासून हातभर लांबून.

पाचव्या दिवशी पुन्हा बर्फ झाला. ब्रेनाने दोनदा भोंगा वाजवला आणि मांडीएवढा बांध घालून गेली. आर्लेनने यंत्र सुरू केलं. मी खिडकीशी उभी होते. वरचा मऊ थर यंत्राने मजेत उडवला, मग खाड्कन आवाज आला. पिन तुटली. त्याने नवी घातली, परत भिडला. यंत्र बांधात शिरायच्या ऐवजी त्याच्यावर चढू लागलं. त्याने मागे ओढलं, दुसऱ्या जागी लावलं, तिथेही तेच. शेवटी यंत्र बंद करून तो नुसता त्या बांधाकडे बघत राहिला. आयुष्यभर असे हजारो घातले होते त्याने, पण उभं राहून एकाकडेही बघितलं नसेल.

मग तो दाराशी आला. भुवयांवर बर्फ साचला होता.

"लोर्ना, तू कुठून सुरू करायचीस?"

सत्तावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी बूट घातले, कोट एका खांद्यावर टाकला आणि त्याच्या पुढे चालू लागले.

"टपालपेटीकडून," मी सांगितलं. "तिथे पुढच्या वळणासाठी तू पातं जरा सैल सोडायचास. त्यामुळे खालून पोकळ राहायचं. तिथे सुपडं घातलं की अर्धा बांध आपोआप खाली बसायचा. तू दमलेला असलास की लांबट पडायचा. आपलं भांडण झालेलं असलं की उंच."

"काहीतरीच."

"फोडला कोणी, मी की तू?"

टपालपेटीपाशी मी वाकले आणि डावा हात बांधाच्या तळाशी घातला. टणक. वीतभर पुढे सरकून पुन्हा घातला. तिथेही टणक. आणखी पुढे गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच उंचीचा, एकसारखा दाबलेला, कुठेही ढील नाही. चांगलं काम होतं. आम्हाला न ओळखणाऱ्या हाताचं.

"काय झालं?" आर्लेनने विचारलं.

"हा तुझा नाही," मी म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं. ज्याला रोज सकाळी शिव्या घातल्या तो बांध आता परत येणार नव्हता, आणि त्यातलं मला जेवढं कळत होतं त्याचा कोणाला काही उपयोग उरला नव्हता.

आर्लेनने डोळे पुसायला काही दिलं नाही की समजूत घातली नाही. त्याने हातमोजा काढून खिशात कोंबला, बांधाच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन गुडघे टेकले आणि उघड्या हाताने तळ चाचपत, थोडा थोडा, माझ्या दिशेने सरकू लागला.