तिसरा परिच्छेद

स्वतःची तारीफ स्वतःच लिहायची, तीही दुसऱ्याच्या तोंडून, ही कला शास्त्रज्ञांना कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. तरी सगळ्यांना येते. वैद्यकीय संशोधनाच्या त्या मोठ्या पुरस्काराला स्वतः अर्ज करता येत नाही, कुणा ज्येष्ठाने नाव सुचवावं लागतं. ज्येष्ठांना वेळ नसतो. मग ज्याचं नाव जायचं तोच पत्र लिहून नेतो आणि ज्येष्ठ सही ठोकतात. याला कुणी लबाडी म्हणत नाही, रिवाज म्हणतात.

चारुताने दहा वर्षांत दत्तोपंत सरांच्या नावाने अशी ढीगभर पत्रं लिहिली होती, पण सगळी दुसऱ्यांसाठी. सर तिचे गुरू. निवृत्त होऊन आता उस्मानपुऱ्यात एकटेच राहत. आज पहिल्यांदा ती स्वतःचं पत्र घेऊन त्यांच्याकडे निघाली होती. पहिल्यांदा आणि शेवटचंच, कारण पुरस्काराला पंचेचाळीस वर्षांची अट होती आणि जानेवारीत तिला पंचेचाळीस पूर्ण होणार होती.

सांगण्यासारखं तिचं काम एकच, पण खणखणीत. साप चावलेल्या माणसाची किडनी धोक्यात आहे का, हे लघवीच्या थेंबावरून सांगणारी कागदाची पट्टी. अकरा वर्षं त्यात गेली. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. आई गेली त्या दिवशीसुद्धा ती दौलताबादकडच्या एका आरोग्य केंद्रात नमुने गोळा करत होती. पट्टी पहिल्यांदा निळी झाली, म्हणजे जमली, तीही तिथेच, एका रविवारी दुपारी. नर्स जेवायला गेली होती, आणि खाटेवरच्या मुक्ताबाई विषाच्या ग्लानीत होत्या. कुणाला तरी हाक मारावी, बघा म्हणावं, असं चारुताला फार फार वाटलं. शेवटी तिने पट्टी खिडकीपाशी नेली आणि स्वतःलाच पुन्हा एकदा दाखवली.

आता मागच्या वर्षीचा घोळ. त्याच पुरस्काराच्या पस्तिशीच्या आतल्यांच्या गटात मंदारचं नाव जायचं होतं. मंदार तिचा विद्यार्थी, गुणी पोरगा, पट्टीवर शेवटची दोन वर्षं राबलेला. पत्र अर्थात तिनेच लिहायला घेतलं, पण ते काही फुलेना. "जरा दणकून लिही गं," सर म्हणाले होते. तेव्हा तिसऱ्या परिच्छेदात तिने ठोकून दिलं, की पट्टीची मूळ कल्पना मंदारचीच. अशा पत्रांत थोडं इकडचं तिकडे चालतं. वाचतंय कोण? आणि आपली वेळ येईल तेव्हा गट वेगळा, समिती वेगळी. मंदारला पुरस्कार मिळाला, तो बेंगळुरूला गेला. पहिले दोन महिने त्याचे फोन येत होते.

सरांनी दार उघडलं आणि भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत गेले.

"डोळ्यांनी दगा दिलाय बघ. तूच वाचून दाखव."

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. कागद देऊ, सही घेऊ, चहा घेऊन निघू, असा बेत होता. तिने घसा खाकरला.

"चारुता ही माझ्या पाहण्यातली सगळ्यांत चिवट संशोधक आहे," तिने वाचलं आणि तिचे कान तापले. सर मान डोलावत होते. दुसऱ्या परिच्छेदाला तर चक्क "वा!" म्हणाले. त्या एका "वा"ने तिला रडू यायला लागलं. इतक्या वर्षांत सर तिच्याबद्दल असं कधी बोलले नव्हते. आणि आताही ते शब्द तिचे स्वतःचेच होते.

पट्टीच्या मूळ कल्पनेचा तिसरा परिच्छेद सुरू झाला तसा सरांनी हात वर केला.

"थांब. हे तर मंदारचं ना?"

"नाही सर. कल्पना माझी होती."

"अगं, मी सही केलीय त्याच्यावर. तेव्हा दिसत होतं मला. शब्द न् शब्द वाचला होता."

"ते पत्र मीच लिहिलं होतं, सर."

"ठाऊक आहे. तू लिहिलं होतंस म्हणूनच शंका घेतली नाही."

"ते खोटं होतं," चारुता म्हणाली. एकदाचं तोंडातून निघालं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग हे खरं कशावरून?"

टोमणा नव्हता तो. म्हातारा माणूस खरोखरच विचारत होता.

"वहीत तारखेनिशी नोंद आहे, सर."

"वही पण तूच लिहिलीस ना?" सर पुढे वाकले, तिच्या आवाजाच्या दिशेने. "हे बघ, मी समितीला कळवतो, मागच्या वेळी चूक झाली म्हणून. माझी अब्रू गेली तर जाऊ दे. या वयात ती ठेवून करायची काय? पण कुणीतरी एक माणूस पाहिजे गं, हो म्हणणारा. पट्टी पहिल्यांदा जमली, तेव्हा तिथं तुझ्याबरोबर कोण होतं?"

चारुताला ती खिडकी आठवली, आणि हातातला तो निळा कागद.

"कुणी नव्हतं, सर," ती म्हणाली. "मी एकटीच होते."