दुसऱ्याच्या नावाचे घड्याळ

मित्रांनो, घड्याळ म्हटले की तुम्हाला तबकडी आठवते, काटे आठवतात, पट्टा आठवतो. मी त्या सगळ्यांच्या मागे, झाकणाआड राहणारे चावीचे मशीन. आता जुना झालो आहे आणि बंदही पडलो आहे. तरी माझी हकीकत ऐकाल का?

कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. एका बाईने डोळ्याला भिंग लावून माझी चाके बसवली. दुसरीने सुईच्या टोकाने तेल दिले. तिसरीने मला कानाशी धरले आणि शेजारणीला म्हणाली, "चालला गं हा!" माझ्या पितळी अंगावर कारखान्याचे नाव बारीक अक्षरांत कोरले होते. मग मला एका साध्या पोलादी घड्याळात बसवले आणि मागचे झाकण लागले.

ते घड्याळ एका परिचारिकेने घेतले. सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणायचा. ती घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, म्हणजे रोग्याची नाडी धरली की सेकंदकाटा नेमका तिच्या डोळ्यांसमोर येई. नव्याने आलेल्या मुली गडबडल्या की ती म्हणे, "माझ्या तोंडाकडे काय बघताय? काट्याकडे बघा." तो काटा मी फिरवत होतो. मला केवढा अभिमान वाटायचा! सकाळी चहाच्याही आधी ती मला चावी द्यायची. तिची सगळी नोकरी आम्ही दोघांनी मिळून केली.

सिस्टरचे लग्न झाले नव्हते. बहीण लवकर गेली, तेव्हा बहिणीच्या मुलाला तिनेच वाढवले. आता तो कर्ता झाला होता आणि एका फरशीच्या कंपनीत मोठमोठ्या बिल्डरांना भेटायचे काम करत होता. मनाने वाईट नव्हता. पण चार श्रीमंत माणसांत बसला की आपोआप बाही खाली ओढून मनगटावरचे स्वस्त घड्याळ झाकायचा.

एके दिवशी सिस्टरने घड्याळ त्याच्या हातात दिले. "सोन्या, हे हल्ली मागे पडतंय. तेलपाणी करून आण. आणि तिथे टाकून येऊ नकोस बरं, समोर बसून करून घे."

"आणतो गं मावशी," तो म्हणाला.

घड्याळवाल्याच्या टेबलावर आधीच एक दिमाखदार घड्याळ पडले होते. एका बड्या नावाची हुबेहूब नक्कल. भाच्यानेच ते स्वतःसाठी सांगून ठेवले होते. मागे झाकणाऐवजी काच होती, आत सगळे पोकळ. फक्त मशीन निवडायचे राहिले होते.

"सेलचं टाकलं तर काटा टकटक उड्या मारत जातो," घड्याळवाला म्हणाला. "जाणकार माणूस लांबूनच ओळखतो. हे दुसरं चावीचं आहे, नवं, पण वर्षभरात मान टाकेल. बघू, तुमच्या हातात काय आहे?"

"हे मावशीचं. तेलपाणी करायचंय."

त्याने मला उघडले, भिंगातून पाहिले आणि एकेक चाक निरखले. मग म्हणाला, "साहेब, असं मशीन आता शोधून मिळत नाही. हेच बसवू या का? मावशींच्या घड्याळात सेलचं टाकून देतो. त्यांना काय कळतंय?"

भाचा घुटमळला. मित्रांनो, मला वाटले, आता हा नको म्हणेल. पण त्याने नक्कल उचलून मनगटावर धरून पाहिली, आणि मान हलवली.

मी काय करणार? मला ओरडता येत नाही, पळता येत नाही. नकलेच्या तबकडीमागचे बारीक खुंट माझ्या भोकांत बसेनात, म्हणून ते कापून तबकडी चिकटवली. चावीची दांडी लांब पडली, ती कातरली. अंगावरचे कारखान्याचे नाव घासून काढले आणि तिथे त्या बड्या कंपनीचे नाव कोरले. सिस्टरचे घड्याळ खोक्यात टाकत घड्याळवाला म्हणाला, "सेलचं बसवून ठेवतो, पुढच्या आठवड्यात न्या."

आता लोक मला पाहू लागले. "वा, काय मशीन आहे!" बिल्डर काचेतून डोकावत म्हणत. आयुष्यभर काळोखात काम केले तेव्हा कुणी पाहिले नव्हते. आता कौतुक होत होते, पण ते दुसऱ्याच्या नावाने. भाचा दुकानात पुन्हा जायचे रोज उद्यावर ढकलत होता.

तेवढ्यात सिस्टर आजारी पडली. छातीचे ठोके चुकू लागले. तिला स्वतःची नाडी मोजायची होती.

"माझं घड्याळ झालं का रे?"

"दुकानातच आहे गं. मोबाइलवर बघ ना."

"त्या आकड्यांवर माझी नजर ठरत नाही. मला फिरता काटा लागतो. तुझं दे बघू."

तिने त्याचा हात जवळ ओढला, आपल्या मनगटावर बोटे ठेवली आणि ओठ हलवत मोजू लागली. मी जीव तोडून चाललो. सिस्टर, हा मीच आहे, असे किती म्हणावेसे वाटले!

"छान चालतंय तुझं," ती हात सोडत म्हणाली. "माझंही असंच चालायचं."

भाच्याचा चेहरा पडला. तेव्हाच मला काढून तिच्या उशाशी ठेवता आले असते. पण दुसऱ्या दिवशी मोठी बैठक होती.

बैठक झाली. येताना गाडी चिखलाने माखली, ती तो घड्याळ हातात ठेवूनच धुवायला लागला. पाण्यात चालते, असे त्या नकलेवर लिहिले होते. कातरलेल्या दांडीपाशी फट होती, तिथून पाणी शिरले. काच आतून धुरकट झाली. त्याने दोन दिवस तसेच जाऊ दिले, आणि तेवढ्यात माझी चाके गंजली, चावीने ताणली जाणारी कमान तुटली.

मग मात्र तो धावत दुकानात गेला. "हे काढा आणि मावशीच्या घड्याळात परत बसवा. आत्ताच्या आत्ता."

"तुम्ही फिरकलाच नाहीत," घड्याळवाला म्हणाला. "ते मी कधीच मोडीत दिलं. आणि याच्यात आता काही राम नाही. आणा, नवं मशीन टाकून देतो."

नकलेत दुसरे मशीन बसले. मला भाच्याने कागदाच्या पुडीत घेतले, घरी आणले आणि मावशीच्या तळहातावर ठेवले. त्याने सगळे खरे सांगितले. सांगताना तो रडत होता.

सिस्टरने मला उलटसुलट करून पाहिले. अंगावरचे नाव डोळ्यांजवळ नेऊन वाचले. "हे माझं नाही रे," ती म्हणाली. "माझ्या घड्याळावर असलं नाव नव्हतं. माझं घड्याळ आण."

"मावशी, हेच गं. आतलं."

"उगाच काहीतरी सांगू नकोस," ती थकून म्हणाली आणि तिने पुडी त्याच्याकडे सरकवली.

मित्रांनो, कुणी विश्वासाने दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करा. तुम्हाला ती जुनी वाटेल, साधी वाटेल. ती कुणाच्या हाताची आहे, हे आधी बघा. मला सिस्टरचा राग येत नाही. इतकी वर्षे मी तिच्या नाडीला टेकून होतो, पण झाकण उघडून तिने मला कधी पाहिलेच नव्हते.