दुसरा पाय ठेवा

माझा राग नाकावर असतो, असं बायको म्हणते. साफ खोटं. नाकावरचा राग निदान लवकर उतरतो. माझा पोटात जाऊन बसतो आणि आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतो. तेवढे दिवस मी भांडत नाही, आवाज चढवत नाही, नुसता गाल फुगवून बसतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे मलाही कळतं. पण कळण्याचा मला आजवर कधी काडीचा उपयोग झालेला नाही.

बुटांच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं काढली. पुढे उतरती फळी असलेल्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय पुढ्यात घ्यायचा, मोजा काढायचा, तळवा चाचपायचा. मग बूट चढवून त्याच्या टोकाशी अंगठा दाबायचा. पायाच्या बोटांपुढे माझ्या अंगठ्याएवढी जागा उरली की माप बरोबर. नंबर काय, डब्यावर छापलेलाच असतो. पण संध्याकाळी पाय फुगतो, डावा उजव्यापेक्षा मोठा निघतो, आणि काही माणसं तर हौसेने एक नंबर कमीच सांगतात. अंगठ्याला हे सगळं कळायचं.

त्यावरूनच मास्तरांनी माझं नाव अंगठेराव ठेवलं. मास्तर म्हणजे भूमिती शिकवून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहणारे गृहस्थ. मुलगी दूर. शुगरने त्यांचे पाय बधिर झाले होते. एकदा बूट घ्यायला आले, मी जुना बूट काढला तर आतून शर्टाच्या बटणाएवढा खडा पडला. सकाळपासून ते त्यावरून चालत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी चिडलो. "मास्तर, पायाला कळत नाही तर डोळ्यांनी बघत जा. एखादी जखम झाली तर पाय जाईल हो तुमचा."

"वाकता येत नाही, अंगठेराव," ते हसून म्हणाले. "वाकायचं खातं तुमच्याकडे."

त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते येऊ लागले. घ्यायचं काही नसायचं. मी मोजे काढायचो, तळवे बघायचो, बोटांच्या बेचक्या बघायचो, "पास" म्हणायचो. विद्यार्थ्यासारखी मान हलवून ते निघून जायचे. सहा वर्षं हे चाललं.

मग मशीन आलं. जमिनीत बसवलेली काच, खालून निळा उजेड, समोर पडदा. मोज्यासकट वर उभं राहायचं. एका बाईचा गोड आवाज म्हणतो, "कृपया दोन्ही पाय ठेवा," आणि दहा सेकंदांत पडद्यावर पाय उमटतात. लांबी, रुंदी, कमान, भार कुठे पडतो, सगळं. कुठला बूट घ्यावा तेही मशीनच सांगतं. आम्ही पाच जण स्टुलांवर बसायचो, त्यातल्या तिघांना नारळ मिळाला, चौथा आपणहून गेला. मला ठेवलं ते डबे काढायला आणि परत लावायला. स्टुलं गोदामात गेली. नवीन मॅनेजरबाई आल्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी नियम वाचून दाखवला, की गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावायचा नाही. छतातला कॅमेरा तेही मोजतो म्हणे.

पहिले तीन महिने मी मास्तरांचे पाय कोपऱ्यातल्या बाकावर, कॅमेऱ्याकडे पाठ करून बघितले. चौथ्या महिन्यात एका लहान मुलीचा बूट चिमटतोय हे तिच्या तोंडावरून दिसत होतं, म्हणून मी सवयीने खाली बसलो आणि अंगठा दाबला. पुढच्या मिनिटाला मॅनेजरबाईंनी भर दुकानात मला उठवलं. "काका, तुम्हाला किती वेळा सांगायचं? वरून मला विचारतात." त्या रागावून बोलल्या नव्हत्या, पण लोक बघत होते. माझ्या हातात लेखी ताकीद पडली.

झालं. राग पोटात गेला. हात नको ना माझा? मग घ्या म्हटलं तुमचं मशीन.

तिसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला सोमवार होता. मास्तर दारातून आत आले तेव्हा मी बुटांच्या रॅकमागे होतो. ते थांबले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "आमचे अंगठेराव कुठे आहेत?" मॅनेजरबाईंनी रॅकच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच खूण केली, नाही म्हणा.

"आज सुट्टीवर आहेत," त्या म्हणाल्या. "या ना, आमच्या मशीनवर बघू तुमचे पाय."

मास्तर मशीनवर चढले. पडद्यावर स्वतःचे पाय बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला डागणी बसली. "वा! काय आकृती आहे! कोन सुद्धा दाखवतंय की." सहा वर्षं मी बघत होतो, तेव्हा हे कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं. रॅकमागे उभा राहून मी मनात म्हणालो, बघा, तेच बघा आता.

आणि मला तो डाग दिसला. डाव्या मोज्यावर, करंगळीच्या बाजूला, रुपयाएवढा तपकिरी डाग. ओला असावा, कारण पाय सरकला तिथे काचेवर त्याचा ठसा उमटला होता. मशीनने भार बरोबर सांगितला, माप बरोबर सांगितलं. मोज्यात काय आहे हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

चार पावलं होती. चार पावलं टाकून म्हणायचं, मास्तर, मोजा काढा. मला ठाऊक होतं तो डाग कसला आहे. माझ्याइतकं त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी स्वतःला समजावलं की उद्या त्यांच्या घरी चक्कर टाकू. मास्तर नवे बूट घालून गेले. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने काय झालंय म्हणून विचारलं, मी जेवणाचं ताट सारून उठलो. राग ओसरायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी गेलो तर घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, त्यांना हॉस्पिटलात नेलंय.

मी हॉस्पिटलात गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

चार महिन्यांनी ते आले. मुलगी सोबत होती, काखेत कुबड्या होत्या आणि डाव्या पायाची पँट गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली. उरलेल्या पायाला मऊ बूट हवा होता. मुलीने धरून त्यांना काचेवर उभं केलं.

"कृपया दोन्ही पाय ठेवा," मशीन म्हणालं. पडद्यावर एकच पाय आला. "कृपया दुसरा पाय ठेवा."

मॅनेजरबाई घाईघाईने बटणं दाबू लागल्या. मशीन पुढे सरकेना. "कृपया दुसरा पाय ठेवा."

"फार हट्टी आहे हो तुमचं यंत्र," मास्तर म्हणाले. मग त्यांना मी दिसलो. "अंगठेराव! आहात होय आज? या, तुम्हीच बघा."

मॅनेजरबाईंनी पाठ फिरवली, म्हणजे परवानगी दिली. मी मास्तरांना बाकावर बसवलं, खाली बसलो आणि उजवा मोजा काढला. तळवा बघितला, बेचक्या बघितल्या. पाय स्वच्छ होता.

"त्या सोमवारी नेमकी यांची सुट्टी," मास्तर मुलीकडे वळून म्हणाले. "हे असते ना, तर मोजा काढल्याशिवाय सोडलं नसतं मला. होय ना हो?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. पलीकडे मॅनेजरबाईंची बोटं थांबली होती.

"हो," मी म्हणालो. "सुट्टी होती."

मी बूट चढवला आणि अंगठा दाबला. जागा बरोबर होती. मास्तर कुबड्या सावरत उठले. दारापाशी पोचल्यावर थांबले.

"पहिल्या सोमवारी येतो," ते म्हणाले. "तेवढी सुट्टी घेऊ नका."

मी मान हलवली. जोडीतला डावा बूट माझ्या हातातच राहिला होता.